थोरलीच्या पाठीवर

"आली बघ," थोरली म्हणाली.

मी मान वर करून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. अंगणात ऊन रखरखत होतं, शेजारच्या पत्र्यावर एक कावळा चोच उघडी टाकून बसला होता आणि अख्ख्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं म्हणावं तर तेवढा तो कावळाच.

"कोण आली?" मी विचारलं.

उत्तर द्यायच्या भानगडीत थोरली पडली नाही. ती उंबऱ्याला टेकून बसली होती. कमरेत अशी वाकलेली की बसली काय नि उभी राहिली काय, तोंड जमिनीकडेच. तिनं कनवटीची पुडी सोडली, माझ्या पुढ्यात चिमूटभर भंडारा टाकला.

आणि मग आली. आधी छातीच्या मधोमध ऊब आली, मग ती मानेवर चढली, कानात शिरली, टाळूपर्यंत गेली. आत कुणीतरी चूल पेटवावी आणि मी तिच्यावरचं भांडं असावं तशी मी नुसती तापत गेले. काळीज धडधडायला लागलं, ब्लाउज पाठीला चिकटला. थोड्या वेळानं सगळं जसं आलं तसं उतरलं आणि ऐन मे महिन्यात मी कुडकुडत बसले.

"बसली न्हवं?" थोरली म्हणाली. "पाठीवर. जड लागतंय काय?"

खोटं कशाला सांगू, जड लागत होतं.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी केतकी. जन्मले तेव्हा नाव मुलाचं होतं, पण ते ऐकून आता कुणाचं भलं होणार नाही. माझं गाव कोल्हापूरच्या बाजूचं. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतात, त्यामुळे लहानपणी तेवढी एक गोष्ट तरी माझ्या सोयीची होती. बाकी सगळी गैरसोयच. घरातून निघाले आणि मिरजेजवळ बायजाअक्काच्या घरी आले. अक्का माझी गुरू. तिच्या घरात आम्ही पाच-सहा जणी चेल्या होतो आणि सगळ्यांच्या वर थोरली, म्हणजे अक्काचीही गुरू. थोरलीकडे देवीचं जग होतं. जग म्हणजे यल्लमाचा मुखवटा बसवलेली पाटी. ती डोक्यावर घेऊन थोरलीनं अख्खा मुलूख पालथा घातला होता. आता डोक्यावर घेणं होत नव्हतं, पण मंगळवारी-शुक्रवारी लोक घरी येत. थोरलीच्या अंगात वारं यायचं, ती सांगायची आणि लोक नारळ ठेवून जायचे.

मला त्यातलं काही नको होतं. मी सांगलीत एका बाईंकडे ब्लाउज शिवायला जात होते. माप घ्यायला माझा हात चांगला होता, बाई मला माणसासारखं वागवायच्या आणि परत येईपर्यंत मशीन दुसऱ्या कुणाला देणार नाही म्हणाल्या होत्या. मला एवढंच हवं होतं, एक ऑपरेशन आणि एक शिलाई मशीन.

ऑपरेशन म्हणजे खालचं, अंड काढायचं. पूर्वी आमच्यात ते दाईकडून व्हायचं, थोरलीचं तसंच झालेलं. मी दवाखान्यात केलं. दोन वर्षं तिथल्या डॉक्टर आवटी मॅडमची औषधं चालू होती: एक गोळी बाईपण देणारी, दुसरी पुरुषी रस दाबून धरणारी. ऑपरेशनच्या आधी मॅडमनी समोर बसवून सगळं सांगितलं होतं. पुढे कधी स्वतःचं मूल हवंसं वाटलं तर आत्ताच बीज साठवून ठेवावं लागेल, नंतर उपाय नाही. परत फिरता येणार नाही. मग औषधांचं.

"बाईपणाची गोळी ऑपरेशनच्या आधी काही आठवडे बंद ठेवायची," मॅडम म्हणाल्या होत्या. "पडून राहिल्यावर रक्ताची गुठळी व्हायला नको. आणि ती दुसरी, दाबणारी, ती ऑपरेशननंतर कायमची बंद. दाबायला काही उरणारच नाही."

यानंतरही त्या काहीतरी बोलत होत्या. पण 'कायमची बंद' ऐकलं आणि मी मनानं केव्हाच खुर्चीतून उठून हिरवा चुडा भरायला गेले होते. ही बंद, तीही बंद. घरी आल्यावर अक्कानं विचारलं, "औषधं काय काय हाईत?" मी म्हटलं, जखमेची सोडली तर सगळी बंद. अक्काला ते एकदम पटलं. "मूळच काढल्यावर पानं कशाला खुडायची?" ती म्हणाली. मलाही ते पटलं. आता त्यावर हसू येतं, पण तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं होतं.

ऑपरेशननंतर सव्वा महिना बाहेर पडायचं नाही, पुरुषाचं तोंड बघायचं नाही आणि आरसा तर बघायचाच नाही, असा आमच्यातला रिवाज. मला मागच्या खोलीत ठेवलं. भिंतीवरचा आरसा उलटा करून वर चादर टाकली. पाण्यात तोंड दिसू नये म्हणून बाकीच्या जणी तांब्याही झाकून द्यायच्या. जखम भरत आली, दुखणं कमी झालं. आणि त्यानंतर ती यायला लागली.

रोज भर दुपारी. कधी संध्याकाळीही, पण दुपारचं ठरलेलंच. मला भीती तापाची वाटत नव्हती, थोरलीची वाटत होती. कारण ती आधी यायची. मी धडधाकट बसलेली असायची, काहीही होत नसायचं, आणि बाहेरून थोरलीचं सरपटत चालणं ऐकू यायचं. ती उंबऱ्याशी बसायची, खाली बघत "आली" म्हणायची, आणि मग खरोखर यायची. कुणाला तरी दार उघडून आत घ्यावं, तसं.

"तुम्हाला कसं कळतंय, थोरले?" एकदा मी विचारलं.

"माझ्याकडनंच जाती तुझ्याकडं," ती म्हणाली. "मला कळायचं न्हाई तर कुणाला?"

"तुमच्याकडं कवापास्नं हाय?"

"माझं झालं तवापास्नं. असाच सव्वा महिना हुता. आधी ऊन झालो, मग रडायला लागलो, मग पाठीवर कुणीतरी बसल्यागत. गुरू म्हणाली, देवी बसलीया. पयल्यांदा पाठ दुखायची. मग हळूहळू वाकलो. माणसाची तोंडं दिसायची बंद झाली. आता वळख फकस्त पायांची." ती हसली. "पाय लबाडी करत न्हाईत बघ."

मी माझी पाठ भिंतीला घट्ट लावून बसले.

मग रत्नाबाई मगदूम आली. तिचा नवरा भांडून, रुसून घर सोडून गेलेला, महिना उलटला तरी पत्ता नाही. ती थोरलीला विचारायला आली होती, पण थोरली तेव्हा माझ्या उंबऱ्यात बसलेली, म्हणून रत्नाबाईही तिथंच आली, पदर पसरून रडायला लागली, आणि नेमकं त्याच वेळी माझं सुरू झालं. खोलीला एक खिडकी, तीही बंद, दारही बायकांच्या दाटीनं अडलेलं. माझा जीव गुदमरला.

"दार उघडा," मी ओरडले. "दार उघडं ठेवा."

मला वारा हवा होता, एवढाच त्याचा अर्थ. पण रत्नाबाईनं तिथल्या तिथं जमिनीला डोकं टेकलं. घरी जाऊन तिनं दाराला कडी लावायची सोडली. आणि त्या आठवड्यात एक दिवस नवरा हुबळीहून आला, दार उघडं दिसलं म्हणून आत शिरला आणि जेवायला बसला. आपल्यासाठी बायकोनं दार उघडं ठेवलं या एका गोष्टीवर तो म्हणे ढसाढसा रडला.

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात चपलांचा ढीग. मी खोलीत आणि बाहेर बायका, माझ्या तापाची वाट बघत. मी "पाणी" म्हटलं तरी कुणीतरी आपल्या विहिरीचा अर्थ लावायचं. आणि सांगायला नको, पण मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. डोळ्यांतून कारण नसताना पाणी यायचं, हातापायातलं बळ गेलेलं, आणि दुपार झाली की माझ्या मानेच्या मागे कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. आरसा नव्हता, त्यामुळे आपलं तोंड अजून आपलंच आहे की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. एकदा चादरीखाली हात घालून मी आरसा चाचपला. तो गरम होता. दुपारची भिंत तापली होती म्हणून, हे आज कळतं. तेव्हा मी हात झटकून कोपऱ्यात जाऊन बसले.

अक्का मात्र खुशीत होती. माझ्याजवळ येऊन तिनं डोक्यावरून हात फिरवला.

"सव्वा महिना भरला की हळद लावू, आरसा दावू आन् त्याच दिवशी थोरलीचं जग तुझ्या वटीत घालू."

"अक्का, मला सांगलीला जायाचं हाय. बाईंनी जागा धरून ठेवलीया."

"जग घेतलेली दुसऱ्याच्या दारात कामाला जाती काय? घरातनं रात्रीची बाहेर बी ऱ्हात न्हाई ती."

"मग मला नको."

अक्का रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "केतके," ती म्हणाली, "थोरली किती दिवसाची? ती गेली आन् जग घ्यायला कोण न्हाई, तर या घरात काय ऱ्हातंय? नुसत्या टाळ्या. आज लोक पाया पडत्यात, उद्या दगडं मारतील. तू नको म्हणून चालतंय व्हय? आम्ही कुणी तुला निवडलं न्हाई. तिनं निवडलंय."

तिनं म्हणजे कुणी, ते मला रोज दुपारी कळत होतं.

त्याच सुमारास थोरली नळावर घसरली. घसरली म्हणजे काय, जेमतेम हात टेकला, पण मनगट टम्म सुजलं. माझी जखम दाखवायची तारीख होतीच. अक्कानं रिवाजाला थोडी मुरड घातली आणि आम्हा दोघींना डोक्यावरून पदर घेऊन एकाच रिक्षात बसवलं.

आवटी मॅडमनी जखम बघितली, ठीक आहे म्हणाल्या. मग विचारलं, "बाईपणाची गोळी, इस्ट्रोजन, परत सुरू केलीस ना?"

"तुम्हीच तर बंद सांगितलंत."

"आधी बंद. नंतर चालायला-फिरायला लागलीस की परत सुरू, कमी मात्रेत. दाबणारी तेवढी कायमची बंद. केतकी, मी हे तुला दोनदा सांगितलं होतं."

मॅडमनी चष्मा काढला. "गरम वाफा येतात? अंग पेटल्यासारखं, मग घाम, मग थंडी?"

"मॅडम, आमच्यात त्याला वारं म्हणत्यात."

"पाळी जाताना बायकांना येतात, त्याच या. शरीराला दोन्हींपैकी एक रस लागतोच. तुझा एक आपण काढला आणि दुसरा तू दिला नाहीस. म्हणून रडू येतं, बळ जातं. महिनाभरानं काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं असंच राहिलं तर हाडं आतून पोकळ होतात. मणके एकावर एक दबत जातात, पाठ वाकते."

त्या बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर माझ्या शेजारी गेली होती. थोरली खुर्चीच्या कडेला बसून त्यांच्या सँडलकडे बघत होती.

"यांचं कधी झालं होतं?" मॅडमनी हळू आवाजात मला विचारलं.

थोरलीनंच उत्तर दिलं. "मिसरूडबी फुटली नव्हती."

"नंतर काही औषध?"

"भंडारा," थोरली म्हणाली.

मॅडम उठल्या, थोरलीच्या मागे गेल्या आणि तिच्या पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवत खाली आल्या. हाडांचे फोटो काढायला लावले. मनगटाचं हाड मोडलं होतं, एवढ्याशा टेकण्यानं. हाडं भाजलेल्या पापडासारखी झालीत, असं त्या म्हणाल्या. हाडांच्या गोळ्या लिहून दिल्या. "पाठ आता सरळ होणार नाही. पण ह्या नेमानं घेतल्या तर आणखी खचायची थांबेल, दुखणंही कमी होईल." मला या वेळी बाईपणाच्या गोळीऐवजी दंडाला चोळायचं जेल दिलं.

थोरलीचा हात प्लास्टरमध्ये घातला. निघताना तिनं मॅडमच्या सँडलना विचारलं, "म्हंजे माझ्या पाठीवर कुणी न्हाई?"

मॅडमनी तिच्या बऱ्या हाताला धरून तिला दारापर्यंत आणलं.

रिक्षात थोरली आपल्या पायांकडे बघत होती. मी तिचा हात धरला होता. तिच्या हाताचं वजनच लागत नव्हतं.

घरी येऊन मी अक्काला सगळं सांगितलं. अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. रत्नीचा नवरा कुठल्या रसानं परत आला, ते विचारलंस काय डॉक्टरला?"

"अक्का, ती वाफ हाय."

"आसंल. देवीला बी यायला काय तरी लागतंयच की. हळद ठरल्या दिवशीच हाय. सगळ्यांसमोर आली, तर जग तुझं. न्हाई आली, तर जा सांगलीला. मी आडवी येणार न्हाई."

अक्का शब्दाची पक्की होती. मी रोज जेल चोळायला लागले, न चुकता. आठवड्याभरात दुपारचा ताप उतरणीला लागला. पण पुरता गेला नाही. कधी दोन दिवस काही नाही आणि तिसऱ्या दिवशी एकदम यायचा. थोरली आता माझ्या उंबऱ्यात येत नव्हती. आपल्या जागी भिंतीशी बसून असायची आणि तिच्या गोळ्यांची पाकिटं उशाशी तशीच पडलेली.

हळदीच्या दिवशी घर गच्च भरलं. चारी बाजूच्या बायका, रत्नाबाई तर सकाळपासून फुलं ओवत बसलेली. मला पाटावर बसवलं, हळद लावली, हिरव्या बांगड्या भरल्या, आरसा दाखवला. तोंड माझंच होतं. थोडं उतरलेलं, पण माझंच. मी रडले, आणि त्या रडण्याला कारण होतं.

मग अक्कानं जग माझ्यासमोर आणून ठेवलं. चौंडकं वाजायला लागलं, "उदं गं आई उदं" सुरू झालं, आणि थोरलीला धरून माझ्या पाटासमोर आणलं. आली की नाही हे सांगायचा मान तिचा. ती ओणवी होऊन माझ्या पायांकडे बघत राहिली. आणि तेव्हा मला कळलं, तिला रोज आधीच कसं कळायचं ते. मीही खाली बघितलं. माझ्या पायांची बोटं लाल व्हायला लागली होती. ताप वर चढायच्या आधी बोटांत उतरत होता, आणि इतक्या दिवसांत मला ते कळलं नव्हतं, कारण स्वतःच्या पायांकडे कोण बघत बसतंय.

ती येत होती. छातीत ऊब सुरू झाली. मी दात आवळले, बांगड्या आवळल्या. आता मान, आता कान. सगळ्या घराचं लक्ष थोरलीच्या तोंडाकडे.

थोरलीनं आपल्या प्लास्टरच्या हातावरचा पदर सोडून माझ्या पायांवर टाकला, जसा चुकून पडावा तसा.

"न्हाई," ती म्हणाली. "आली न्हाई. हिच्यावर कोण न्हाई."

"नीट बघा," अक्का म्हणाली.

"तोंड न्हाई दिसत मला, पाय दिसत्यात. हिला सोडा." आणि तेवढ्यात थोरलीचा आवाज फिरला. तो आवाज मी त्या घरात कधीच ऐकला नव्हता. जाड, थंड, विहिरीतून यावा तसा. तिनं मोडक्या हातासकट जगावर झेप घातली, पाटी ओढून छातीशी धरली आणि घुमायला लागली. चौंडकं तिच्यामागे धावलं, बायका तिच्याकडे वळल्या. माझ्या अंगातून घामाचे ओहोळ वाहत होते आणि माझ्याकडे बघायला कुणीही शिल्लक नव्हतं. अक्का मात्र बघत होती. तिनं माझ्या कपाळावरचा घाम बघितला, मला पुरतं ओळखलं, आणि मान फिरवून घेतली. दिलेला शब्द तिनं पाळला.

दोन दिवसांनी मी सांगलीला निघाले. थोरली भिंतीशी बसली होती. मी तिच्या पाया पडले आणि तिथंच बसून राहिले. गोळ्यांची पाकिटं अजून फोडलेली नव्हती.

"थोरले, माझ्यासाठी खोटं बोललासा तुम्ही."

"खोटं कुणी बोललं? आली हुती की ती. मीच म्हणलं, बाई, हिला जाऊ दे, माझ्याकडं ये. ती आली."

"मॅडमनी सांगितलं न्हवं, तसलं कायबी नसतंय. तुम्ही ऐकलंसा." मी एक पाकीट फोडलं आणि गोळी तिच्या तळव्यावर ठेवली. "ही घेतली तर वझं वाढायचं थांबंल."

थोरलीनं गोळी बोटानं लोटून माझ्याकडे सारली. स्वयंपाकघरात नव्या दोघी हसत भाजी चिरत होत्या. आमच्याकडे नुकत्याच आलेल्या, मिसरूडही न फुटलेल्या. थोरलीला इथून त्यांचे फक्त पाय दिसत होते. ती तिकडेच बघत होती.

"आन् पाठीवरनं उतरली तर जाईल कुठं?" ती म्हणाली.